पहिल्यांदा फ्लॅट भाड्याने देताना: किल्ली देण्याआधीची आणि नंतरची कामं, क्रमाने

पहिल्यांदाच घर भाड्याने देणारे मालक एक चूक हमखास करतात. भाडेकरू बरा वाटतो, तो टोकन देतो, त्याचा सामानाचा टेम्पो रविवारी येणार असतो. म्हणून किल्ली दिली जाते आणि ‘करार पुढच्या आठवड्यात करू’ असं ठरतं. तो आठवडा दोन महिने लांबतो. मग भाडं थकतं, सोसायटीचं पत्र येतं किंवा घर परत हवं होतं, आणि दाखवायला हातात एकही कागद नसतो.

हा लेख महाराष्ट्रात राहण्यासाठी एक-दोन फ्लॅट भाड्याने देणाऱ्या किंवा त्यासाठी घेऊ पाहणाऱ्या मालकांसाठी आहे. दुकान, ऑफिस, पेइंग गेस्ट यांचं गणित वेगळं, ते इथे धरलेलं नाही. टप्प्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. किल्ली सातव्या टप्प्यात येते, आणि ती तिथेच राहू द्यावी.

## टप्पा १: घर घेण्याआधी खरा हिशेब मांडा

घर आधीच ताब्यात असेल तर हा टप्पा ओझरता वाचा. भाड्यासाठी म्हणून घर घेणार असाल तर इथे घाई करू नका.

एजंट जो परतावा सांगतो तो वर्षाचं भाडं भागिले फ्लॅटची किंमत एवढाच असतो. समजा पुण्यातला फ्लॅट ६० लाखांचा आहे आणि भाडं १८ हजार मिळणार आहे. वर्षाचे झाले २ लाख १६ हजार, म्हणजे ३.६ टक्के. आता यात राहिलेले खर्च घाला.

मुद्रांक शुल्क ७ टक्के धरलं तर ४ लाख २० हजार, नोंदणी फी ३० हजार. म्हणजे घरात गुंतलेले पैसे साडेचौसष्ट लाख झाले. भाड्यातून वजा करा: वर्षात एक महिना घर रिकामं राहील असं धरून १८ हजार, मेंटेनन्स महिना अडीच हजारांप्रमाणे ३० हजार, मालमत्ता कर ९ हजार, रंग आणि किरकोळ दुरुस्ती १२ हजार. हातात उरले १ लाख ४७ हजार. परतावा सव्वादोन टक्क्यांच्या किंचित वर, तोही आयकराआधी.

कर्ज काढून घेत असाल तर पुढचं गणितही करा. ४८ लाखांचं कर्ज, ८.५ टक्के व्याज, २० वर्षं मुदत: हप्ता साधारण ४१ हजार ६०० रुपये. घराकडून महिन्याला निव्वळ येणार १२ हजार २५०. उरलेले २९ हजारांहून जास्त दरमहा तुमच्या पगारातून जाणार. किंमत वाढेल या आशेवर हे चालवायचं की नाही, तो निर्णय तुमचा. पण ‘भाड्यातून हप्ता सुटेल’ हे वाक्य आपल्या शहरांतल्या फ्लॅटला बहुतेक वेळा लागू पडत नाही, हे आकड्यांतून दिसतं.

घर बघताना स्वतःच्या आवडीपेक्षा भाडेकरूची गरज पाहा. कामाच्या ठिकाणी जायला वाहन किती लांब, इमारतीला पाणी किती वेळ, लिफ्टला बॅकअप आहे का. पाण्याची चौकशी उन्हाळ्यात करा. टँकरवर चालणाऱ्या सोसायटीत एप्रिल-मे महिन्यांत मेंटेनन्स फुगतो आणि भाडेकरूही तेव्हाच घर सोडतो.

तपासणी: घर सलग तीन महिने रिकामं राहिलं तरी हप्ता आणि मेंटेनन्स भरता येईल का? उत्तर ‘नाही’ असेल तर छोटं घर बघा किंवा थांबा.

## टप्पा २: मालकीचे आणि सोसायटीचे कागद सरळ करा

करारावर सही कोण करणार, हा प्रश्न नोंदणीच्या दिवशी उभा राहता कामा नये. खरेदीखतावर जितकी नावं आहेत तितक्या सगळ्यांनी सही करावी. नवरा-बायको दोघांच्या नावावर घर असेल तर दोघांनी. एखादा सहमालक परगावी किंवा परदेशात असेल तर कुलमुखत्यारपत्र आधी तयार ठेवा, त्याला वेळ लागतो.

घर अजून दिवंगत आई-वडिलांच्या नावावर असेल तर विशेष काळजी घ्या. सोसायटीत नॉमिनी म्हणून नाव लागलं म्हणजे एकट्याची मालकी झाली असं नसतं. बाकीच्या वारसांचा हक्क शिल्लक असतो. त्यांची लेखी संमती नसताना भाड्याने दिलं की भाडेकरूच्या आधी घरातच वाद सुरू होतो.

मग सोसायटी. मागची थकबाकी भरून टाका. घर भाड्याने देणार असल्याचं सेक्रेटरींना आगाऊ लेखी कळवा आणि कळवल्याची पोच घ्या. तोंडी सांगणं किंवा व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकणं पुरेसं नाही.

भाड्याने दिलेल्या घरावर सोसायटी ना-वापर शुल्क, म्हणजेच नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, लावू शकते. महाराष्ट्रात त्याची कमाल मर्यादा सेवाशुल्काच्या (मेंटेनन्स बिलातला सामायिक सेवांच्या खर्चाचा भाग) १० टक्के आहे आणि त्यात महापालिकेचे कर धरायचे नाहीत. तुमचं मेंटेनन्सचं बिल ३,५०० रुपयांचं असेल आणि त्यातलं सेवाशुल्क १,८०० असेल, तर हे शुल्क १८० रुपयांच्या वर जात नाही. भाड्याच्या टक्केवारीत किंवा पूर्ण बिलाच्या दीडपट-दुप्पट मागणी आली तर शांतपणे लेखी हरकत घ्या. ‘भाडेकरू ठेवायचा तर देणगी द्या’ या मागणीलाही आधार नसतो.

पुणे महापालिका हद्दीत आणखी एक गोष्ट पाहा. स्वतः राहणाऱ्याला मालमत्ता करात जी ४० टक्के सवलत मिळते ती भाड्याने दिलेल्या घराला नसते. हा फरक टप्पा १ च्या हिशेबात धरा.

## टप्पा ३: घर राहण्याजोगं करा, मगच दाखवा

रंग शेवटी द्यायचा. आधी पाणी आणि वीज.

बाथरूमचा नळ अर्धा तास सोडून ठेवा, नहाणीचा निचरा बघा, आणि खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना ओल येते का ते जाऊन विचारा. गळती असेल तर ती घर रिकामं असतानाच काढा. भाडेकरू आल्यावर टाइल्स फोडायच्या म्हणजे आठवडाभर बाथरूम बंद, आणि त्या आठवड्याचं भाडं मागायला तोंड राहत नाही. बाहेरच्या भिंतीची गळती असेल तर सोसायटीला पत्र द्या आणि पावसाळ्याची वाट पाहू नका.

विजेचं काम जाणकार इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. गिझरला अर्थिंग आहे का, आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवलेला आहे का आणि त्याचं चाचणीचं बटण दाबल्यावर तो पडतो का, हे स्वतः उभं राहून बघा. खिडक्यांचे ग्रिल, बाल्कनीचा कठडा, दाराची कडी हेही बघून घ्या. तुमच्या घरात कुणाचं तरी लहान मूल राहणार आहे, ते सुरक्षित असणं ही मालकाची पहिली जबाबदारी आहे, मग भाडं कितीही कमी असो.

सावध: स्वतःचं जुनं, मोडकळीला आलेलं फर्निचर ‘असू दे’ म्हणून ठेवू नका. नंतर ते कुणी तोडलं यावरून डिपॉझिटचा वाद होतो. चांगलं असेल ते ठेवा, बाकीचं हलवा.

## टप्पा ४: भाडं आणि डिपॉझिट ठरवा

त्याच इमारतीतल्या आणि आसपासच्या इमारतींमधल्या तीन-चार घरांचं भाडं विचारा. जाहिरातीतला आकडा धरू नका. प्रत्यक्ष किती ठरलं ते वॉचमन, एजंट आणि सोसायटीतले मालक सांगतात. हजार रुपये जास्त मिळावेत म्हणून घर दोन महिने अडवून ठेवलं तर १८ हजारांच्या भाड्यात ३६ हजार गेले, आणि वर्षभरात जादा मिळणार १२ हजार.

भाडं ठरवताना त्यात काय येतं ते एकदाच स्पष्ट करा: मेंटेनन्स कोण भरणार, पार्किंग धरून की वेगळं, पाइप गॅस आणि इंटरनेट कुणाच्या नावावर. वीजबिल भाडेकरूने भरायचं असलं तरी मीटर तुमच्या नावावर असतो आणि थकबाकीही तुमच्याच नावावर चढते.

डिपॉझिट ही कमाई नव्हे. ते परत द्यायचे पैसे आहेत. ते वेगळ्या खात्यात किंवा मुदत ठेवीत ठेवा. ते आधीच घराच्या हप्त्यात खर्च झालेले असतील तर भाडेकरू निघताना मालक टोलवाटोलवी करतो, आणि बहुतेक कटुता तिथूनच येते.

## टप्पा ५: भाडेकरूची चौकशी

चार गोष्टी बघायच्या: उत्पन्न, नोकरी किंवा व्यवसाय, राहणाऱ्या माणसांची संख्या, आणि आधीच्या घरमालकाचं मत. पगाराची पावती किंवा बँकेचं स्टेटमेंट मागा. भाडं हातात येणाऱ्या उत्पन्नाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास असेल तर ते नियमित येण्याची शक्यता जास्त.

आधीच्या घरमालकाला फोन स्वतः करा. सध्याचा मालक त्याला घालवायच्या घाईत असू शकतो, म्हणून जमलं तर त्याच्याही आधीच्याला विचारा. एकच प्रश्न पुरतो: ‘घर सोडताना त्यांनी कसं दिलं?’

जात, धर्म, प्रांत, एकटी राहणारी बाई, या कारणांवरून घर नाकारू नका. ते माणसांवर अन्याय करणारं आहे, आणि भाडं वेळेवर येईल की नाही याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. वर सांगितलेली कागदपत्रं सगळ्यांकडून सारखीच मागा.

टोकन घेतलं तर पावती द्या, आणि करार झाला नाही तर ते परत करायचं की नाही हे पावतीवर लिहा.

सावध: कंपनीसाठी म्हणून घर घेतलं आणि राहणारी माणसं दर दोन महिन्यांनी बदलली, असं पुष्कळ ठिकाणी होतं. करार कंपनीबरोबर असेल तर राहणाऱ्याचं नाव, आणि तो बदलला तर लेखी कळवण्याची अट, करारात घालून घ्या.

## टप्पा ६: करार, नोंदणी आणि पोलिसांना माहिती

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून हा टप्पा सावकाश वाचा.

### ६.१ अकरा महिन्यांचा गैरसमज

‘अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही, नोटरी पुरते’ हे आपल्याकडे सर्रास सांगितलं जातं. एजंटही सांगतात. महाराष्ट्रात ते चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार (घर ठरावीक मुदतीसाठी फक्त वापरायला देण्याचा करार) लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, मुदत कितीही असो. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. ती केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

त्याच कलमातला दुसरा भाग मालकाला जास्त महागात पडतो. नोंदणीकृत करार नसेल तर घर कोणत्या अटींवर दिलं होतं याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते ग्राह्य धरलं जातं, जोवर तुम्ही उलट सिद्ध करत नाही. म्हणजे भाडं १८ हजार ठरलं होतं हे सिद्ध करायची वेळ तुमच्यावर येते.

नोटरीचा शिक्का नोंदणीची जागा घेत नाही. पाचशे रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर सह्या केल्या म्हणजेही नोंदणी झाली नाही.

### ६.२ मसुदा

करार ‘लिव्ह अँड लायसन्स’ याच प्रकारचा करा. यात भाडेकरूला ठरावीक मुदतीसाठी घर वापरायची परवानगी मिळते, घरात हक्क तयार होत नाही. भाडेपट्ट्याचं तसं नाही. इंटरनेटवरून दुसऱ्या राज्यातला मसुदा उतरवून घेतला की त्यात भाडेपट्ट्याची भाषा येते, म्हणून नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरचा नमुना किंवा स्थानिक वकिलाचा मसुदा वापरा.

पुढच्या अटी मसुद्यात आहेत का ते एकेक बोट ठेवून पाहा:

- राहणाऱ्या सगळ्यांची नावं, आणि पोटभाडेकरू ठेवायला मनाई.
- मुदत सुरू आणि समाप्त होण्याच्या तारखा, भाडं कोणत्या तारखेपर्यंत आणि कोणत्या खात्यात.
- लॉक-इन (ज्या काळात करार मध्येच सोडता येत नाही) किती महिने, आणि ते दोघांना लागू आहे की एकालाच. त्यानंतर नोटीस किती दिवसांची.
- मुदत जास्त असेल तर दरवर्षीची वाढ किती टक्के.
- मेंटेनन्स, वीज, गॅस, ना-वापर शुल्क यांतलं काय कोण भरणार.
- कोणती दुरुस्ती कुणी करायची. नळाचा वॉशर, बल्ब भाडेकरूचा. गळती, वायरिंग, गिझर मालकाचा, अशी साधी वाटणी चालते.
- डिपॉझिट कधी परत मिळणार आणि त्यातून काय वजा होऊ शकतं.
- घर पाहायला यायचं असेल तर आधी किती वेळ कळवायचं.

शेवटची अट मालकांना नकोशी वाटते. पण घर तुमचं असलं तरी तिथे राहणाऱ्याचं खासगी आयुष्य त्याचं आहे. न सांगता दार वाजवणारा मालक चांगला भाडेकरू गमावतो.

### ६.३ मुद्रांक शुल्काचं गणित

६० महिन्यांपर्यंतच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के आहे. ते या रकमांच्या बेरजेवर लागतं: पूर्ण मुदतीचं भाडं, परत न मिळणारी रक्कम असेल तर ती, आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरलेलं काल्पनिक व्याज.

उदाहरण घ्या. भाडं २० हजार, मुदत २४ महिने, डिपॉझिट १ लाख. भाडं झालं ४ लाख ८० हजार. डिपॉझिटवरचं व्याज वर्षाला १० हजार, दोन वर्षांचे २० हजार. बेरीज ५ लाख. त्याचे ०.२५ टक्के म्हणजे १,२५० रुपये. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,००० आणि ग्रामीण भागात ५०० रुपये. ऑनलाइन नोंदणीचं हाताळणी शुल्क आणि सेवा देणाऱ्याची फी वेगळी. एवढ्या पैशांसाठी लोक नोंदणी टाळतात, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

खर्च कुणी करायचा ते आपसात ठरवा; निम्मा-निम्मा ही पद्धत बहुतेकांना पटते. पण भाडेकरूने पैसे दिले नाहीत म्हणून नोंदणी राहिली, ही सबब कायद्यापुढे चालत नाही.

### ६.४ नोंदणी

दुय्यम निबंधक कार्यालयात जाता येतं किंवा नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-रजिस्ट्रेशन सुविधेतून घरबसल्या करता येतं. ऑनलाइनसाठी मालक, भाडेकरू आणि दोन साक्षीदार यांची आधार पडताळणी होते, फोटो घेतले जातात. आधारवरचं नाव आणि पॅनवरचं नाव जुळतंय का हे आधी बघा. अर्ज या कारणानेही अडकू शकतो.

मिळकतीचा तपशील भरताना फ्लॅट क्रमांक, इमारतीचं नाव, सर्व्हे किंवा सीटीएस (शहर भूमापन) क्रमांक आणि क्षेत्रफळ तुमच्या खरेदीखताच्या सूची दोनवरून (इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा) उतरवा. आठवणीतून लिहू नका.

सावध: अर्ज भरून झाला, अंगठे दिले, पैसे भरले, म्हणजे दस्त नोंदला गेला असं नाही. निबंधक कार्यालयात तपासणी होऊन दस्त क्रमांक पडतो आणि सूची दोन मिळते, तेव्हा नोंदणी पूर्ण होते. एजंट ‘झालं’ म्हणाला तरी ही दोन्ही मागा. अर्जात त्रुटी काढून तो परत आलेला असतो आणि मालकाला महिनोन् महिने पत्ता नसतो.

आणखी एक पळवाट ऐकू येते: सह्या झाल्यापासून दस्त नोंदवायला चार महिन्यांची मुदत असते, मग घाई कशाला? ती मुदत खरी आहे. पण दरम्यान भाडेकरू घरात राहायला आलेला असतो आणि अंगठा द्यायला त्याला वेळ मिळत नाही. कामाची निकड फक्त तुम्हाला उरते.

### ६.५ पोलिसांना माहिती

भाडेकरूची माहिती स्थानिक पोलीस ठाण्यात देणं पोलीस आयुक्तांच्या आदेशांनी अनेक शहरांत बंधनकारक केलेलं असतं, आणि न दिल्यास मालकावर गुन्हा दाखल होऊ शकतो. पोलिसांच्या संकेतस्थळावरून अर्ज भरता येतो. पोच जपून ठेवा आणि तिची एक प्रत सोसायटीला द्या. भाडेकरू परदेशी नागरिक असेल तर तो आल्यापासून २४ तासांत त्याची माहिती ऑनलाइन फॉर्म भरून द्यावी लागते.

तपासणी: दस्त क्रमांक असलेला करार, सूची दोन, पोलीस माहितीची पोच, सोसायटीला दिलेल्या पत्राची पोच, आणि डिपॉझिट खात्यात जमा झाल्याची नोंद. पाचही हातात असतील तर पुढे जा.

## टप्पा ७: ताबा

आता किल्ली.

भाडेकरूबरोबर घरभर फिरा आणि मोबाइलवर सलग एक व्हिडिओ काढा. भिंती, ओटा, सिंक, नळ, पंखे, खिडक्यांच्या काचा, बाथरूमच्या टाइल्स, सगळं त्यात येऊ द्या. आधीपासून असलेला तडा किंवा डाग असेल तर तो मुद्दाम दाखवा आणि बोलून सांगा. तो व्हिडिओ तिथेच भाडेकरूला पाठवा. निघताना दोघांकडे एकच पुरावा असतो आणि निम्मे वाद सुरूच होत नाहीत.

वस्तूंची यादी करा: पंखे किती, ट्यूब किती, गिझर कोणत्या कंपनीचा, पडद्यांचे रॉड, किल्ल्यांचे जोड किती दिले. वीज आणि गॅस मीटरचं रीडिंग तारखेसह लिहा. खाली दोघांच्या सह्या.

तुमच्या नावावरचं गॅस सिलिंडरचं कनेक्शन वापरायला देऊ नका. आधीच्या भाडेकरूने वापरलेलं कुलूप बदला.

## टप्पा ८: महिन्याचा कारभार

भाडं बँकेतूनच घ्या. रोख घेतलंच तर पावती द्या. तारीख उलटली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी साधा मेसेज करा, आठवड्याने फोन, पंधरा दिवसांनी लेखी पत्र किंवा ईमेल. दोन महिने संकोचाने गप्प राहून तिसऱ्या महिन्यात एकदम आवाज चढवणं हा सगळ्यात वाईट क्रम.

‘डिपॉझिटमधून वळवून घ्या’ या विनंतीला नम्रपणे नकार द्या. डिपॉझिट एकदा भाड्यात जिरलं की निघतानाच्या नुकसानीला आणि वीजबिलाला काहीच उरत नाही.

वीजबिल भाडेकरूने भरलं का ते महिन्यातून एकदा ग्राहक क्रमांकावरून स्वतः पाहा.

दुरुस्तीचा फोन आला की त्याच दिवशी उत्तर द्या, काम दोन दिवसांनी झालं तरी चालेल. एक प्लंबर, एक इलेक्ट्रिशियन आणि एक सुतार यांचे नंबर भाडेकरूला देऊन ठेवा, आणि ठरावीक रकमेपर्यंतचं काम न विचारता करून बिल पाठवायची मुभा द्या.

## टप्पा ९: आयकर

भाडं हे घरापासूनचं उत्पन्न म्हणून दाखवायचं असतं. वर्षभरात तुम्ही प्रत्यक्ष भरलेला मालमत्ता कर वजा करून जे उरतं त्यातून ३० टक्के सरसकट वजावट मिळते, दुरुस्तीवर किती खर्च केला हे दाखवावं लागत नाही. त्याउलट, रंगाची बिलं जोडून जास्त वजावट मागताही येत नाही. गृहकर्जाचं व्याजही वजा होतं. व्याज भाड्यापेक्षा जास्त असेल तर जुन्या करप्रणालीत वर्षाला २ लाखांपर्यंतचा तोटा पगारासारख्या दुसऱ्या उत्पन्नातून वजा करता येतो. नव्या प्रणालीत तसा करता येत नाही. टप्पा १ मधल्या कर्जाच्या उदाहरणात हा फरक मोठा पडतो, त्यामुळे प्रणाली निवडण्याआधी दोन्हींचं गणित करा.

महिन्याचं भाडं ५० हजारांच्या वर असेल तर भाडेकरूला टीडीएस (भाडं देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर) कापावा लागतो. ऑक्टोबर २०२४ पासून त्याचा दर ५ वरून २ टक्क्यांवर आला आहे. मालक अनिवासी भारतीय असेल तर भाडं कितीही कमी असलं तरी भाडेकरूवर टीडीएसची जबाबदारी येते, आणि दर बराच जास्त असतो. ही गोष्ट लपवू नका; नोटीस भाडेकरूला येते.

## टप्पा १०: मुदत संपताना

कॅलेंडरमध्ये करार संपण्याच्या दोन महिने आधीची खूण करून ठेवा. त्या दिवशी भाडेकरूला विचारा: राहायचं आहे की सोडायचं? राहायचं असेल तर नवा करार, नवी नोंदणी, पोलिसांना पुन्हा माहिती. जुन्या करारावर ‘मुदत वाढवली’ असं पेनाने लिहून सह्या करणं नोंदणीच्या दृष्टीने शून्य. मुदत संपूनही करार न करता महिनोन् महिने भाडं घेत राहणं ही दुसरी नेहमीची चूक; त्यात तुम्ही टप्पा ६ च्या आधीच्या परिस्थितीत परत जाता.

सोडायचं असेल तर निघण्याच्या आठवडाभर आधी यादी आणि व्हिडिओ घेऊन एकदा घर पाहा. वापरामुळे झालेली झीज आणि नुकसान यांत फरक करा. तीन वर्षांनी मळलेला रंग ही झीज आहे, फुटलेलं सिंक हे नुकसान. वजावट करायचीच असेल तर दुरुस्तीचं बिल दाखवा. शेवटचं वीज आणि गॅसचं बिल भरून घ्या, किल्ल्यांचे सगळे जोड मोजून घ्या, ‘ताबा परत दिला, देणंघेणं राहिलं नाही’ अशी दोघांच्या सहीची पावती करा आणि उरलेलं डिपॉझिट शक्यतो त्याच दिवशी द्या. त्या माणसाला पुढच्या घराचं डिपॉझिट याच पैशांतून भरायचं असतं.

मुदत संपूनही भाडेकरू निघत नसेल तर पाणी-वीज तोडणं, कुलूप बदलणं, सामान बाहेर काढणं यांतलं काहीही करू नका. बाजू तुमची असतानाही तक्रार तुमच्यावर होईल. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ मध्ये नेमका याच स्थितीसाठी मार्ग आहे. राहण्यासाठी लायसन्सवर दिलेल्या घराचा ताबा मुदत संपल्यावर परत मिळवण्यासाठी मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा अर्जांसाठी सरकारने नेमलेला अधिकारी) अर्ज करू शकतो. तिथे भाडेकरूला बचाव मांडण्यासाठी आधी परवानगी मागावी लागते, लेखी करार त्यातल्या गोष्टींचा निर्णायक पुरावा मानला जातो, आणि मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते. अर्जासोबत नोंदणीकृत करार, सूची दोन, घर रिकामं करण्याबद्दल पाठवलेली नोटीस आणि तिची पोच, भाडं जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट एवढं जोडा, आणि अर्जाचा मसुदा या प्राधिकाऱ्यापुढे नियमित काम करणाऱ्या वकिलाकडून करून घ्या.